कोरड्या हवेचा माणूस

पाण्याचा एवढा धसका घेतलेला माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा नसेल. माझ्या बायकोचा हा मावसभाऊ सांगलीहून ॲन आर्बरला पीएच.डी. करायला आला होता आणि दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्याच घरी राहत होता. कड्यासारखे मिटलेले रेणू उघडायचे आणि फांदीला फांदी फुटत जाईल असं पॉलिएस्टर त्यातून वाढवायचं, हे त्याचं काम. पॉलिएस्टर म्हणजे शर्टाचं कापड, एवढीच माझी अक्कल. पण या कामात ओलाव्याचा अंश शिरला की सगळं बिघडतं, हे त्याने आम्हाला इतकं ऐकवलं होतं की हिच्या कुकरची वाफ सुटली तरी तो दचकून खिडकी उघडायचा. जुलैच्या दमट हवेत त्याच्या चेहऱ्यावर सुतक असे. उलट जानेवारीत, आम्ही बसस्टॉपवर काकडत नशिबाला बोल लावत असताना, हा फुटलेल्या ओठांनी म्हणायचा, "हवा काय कोरडीय, दाजी. मस्त."

एवढं करूनही फ्लास्कमध्ये व्हायचा तो गोळाच. रबरासारखा चिवट, कशातच न विरघळणारा. तो काढायला फ्लास्कच फोडावा लागे. माल विरघळला तर मोजता येणार, मोजला तर थिसिस होणार. प्रोफेसरांनी स्वच्छ सांगितलं होतं, फंडिंग उन्हाळ्यापर्यंत, पुढे नाही.

आणि फेब्रुवारीत एकदा माल विरघळला. हा घरी आला तो नुसता हसत सुटला होता. प्रोफेसर म्हणाले, छान, आता पुन्हा करून दाखव. तिथेच घोडं अडलं. तीच भांडी, तीच मापं, आणि पुन्हा गोळा. मग त्याने तो अख्खा दिवसच पुन्हा घडवायला घेतला. तोच स्वेटर, नाश्त्याला तोच उपमा. त्या दिवशी मी नेमका प्रयोगाच्या मध्यावर लॅबमध्ये फोन केला होता. त्यामुळे दर प्रयोगाला मी मीटिंग सोडून पार्किंगमध्ये यायचं आणि फोनवर तेच म्हणायचं, "येताना कोथिंबीर आण रे." तो गंभीरपणे म्हणायचा, "आणतो, दाजी." आणि खरंच आणायचा. हिने वड्या केल्या, चटण्या केल्या, शेवटी शेजारणींना वाटली. एकदा मी वैतागलो.

"यार, तू सायंटिस्ट आहेस ना?"

"सायंटिफिक सगळं ट्राय करून झालंय, दाजी," तो म्हणाला. "आता कोथिंबीरच उरलीय."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

उन्हाळा आला तो आलाच. हातात मास्टर्सचा कागद आणि परतीचं तिकीट, एवढंच पदरात पडलं. आईला सांगायचा त्याला धीर होईना. "तुम्हीच बोला," म्हणाला. कॉलिंग कार्ड काढून मी सांगलीला फोन लावला. आता मावशी रडतील, रागावतील, 'लोक काय म्हणतील' असं विचारतील, अशी मनाची तयारी केली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डिग्रीबद्दल चकार शब्द काढला नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मग आता तो दिवसभर करणार काय हो?"

मी समोर पाहिलं. तो सोफ्याच्या कडेला, हात मांडीवर ठेवून बसला होता, माझ्याकडे बघत. फोन मी त्याच्याच हातात दिला.