कोंडाजीची गाडी ठरेना

मळवली स्टेशनाबाहेर लोहगडाच्या जिपा नंबराने उभ्या राहतात. भाजे गावच्या कोंडाजीचा नंबर अगदी पुढचा. पण त्याची डिझेलची जीप म्हातारी झाली होती आणि तिचं पासिंग होईना. स्टँडचा नियम असा की, दिवाळीपर्यंत नवी गाडी उभी राहिली नाही तर नंबर मागच्याला जातो. नंबर गेला की धंदा गेला, आणि दुसरा धंदा शिकायचं कोंडाजीचं वय राहिलं नव्हतं.

गाडी घ्यायची हे ठरलं होतं. कोणती घ्यायची, तिथे घोडं अडलं होतं.

तुंगार्लीचे श्रीपादराव त्याचं जुनं गिऱ्हाईक, कंपनीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "घाई करू नका. पुढचा जमाना हायड्रोजनचा. टाकी पाच मिनिटांत भरते. धूर नाही, नुसती वाफ."

"इंजिन कसलं असतंया?"

"इंजिन नाही. हायड्रोजनपासून गाडीतच वीज होते, तिच्यावर मोटर चालते."

"म्हंजी ती बी विजेचीच?"

"एका अर्थी."

"आन पंप कुटं हाय?"

"येतील."

"कवा?"

श्रीपादरावांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

भाचा गोरख याने बॅटरीची गाडी घेतली होती. तो म्हणाला, "मामा, चढाला बॅटरी खाती, पण उताराला परत भरती. चालवून तर बघा."

कोंडाजी चालवायला बसला आणि दोघे लोहगडवाडीला निघाले. चढावर बॅटरीचा आकडा असा घसरला की कोंडाजी रस्त्यापेक्षा आकड्याकडेच जास्त बघू लागला. उतार लागताच त्याने सवयीने गाडी न्यूट्रलवर टाकली. डिझेल वाचवायला तो आयुष्यभर तशीच उतरवत आला होता. गोरख शेजारी मोबाइलमध्ये गुंग होता. भाज्यात आले तरी आकडा होता तिथेच.

"भरली न्हाई. मामालाच गंडवतो व्हय रं?"

गोरखने वाकून पाहिलं. "न्यूट्रलवर आणली?"

"मग? उताराला गिअरात कोण आणतं?"

"गिअरात असली तरच भरती, मामा. तुमच्या काटकसरीनं घात केला."

दोघे पुन्हा वर जाऊन उतरले. या वेळी आकडा वाढला, पण चढावर गेला होता तेवढा नाही.

"पुरी न्हाई भरली."

"पुरी भरली असती तर चार्जिंग कुणी केलं असतं?"

घरी बायकोने, मुक्ताबाईने विचारलं, "ठरलं का?"

"एक भरती, पण पुरती भरत न्हाई. दुसरी बी विजेचीच, पण तिला पंप न्हाई. आन ती सोताच वीज करती, तर मंग पंप कशाला..."

"दिवाळीला स्टँडवर कुठली उभी राहील, तेवढं सांगा."

कोंडाजीने बोटांवर दिवाळीचे दिवस मोजले. मग म्हणाला, "बॅटरीची."

दुसऱ्या दिवशी गोरखबरोबर वडगावला जाऊन त्याने बॅटरीची गाडी नोंदवली. गाडी दिवाळीआधी मिळणार होती, म्हणजे नंबर वाचला; तरी त्याच्या जिवाची घालमेल थांबेना.

"वर्साभरात हायड्रोजनचा पंप आलाच तर?" त्याने वाटेत विचारलं.

"तर त्याच्यापुढं भज्याची गाडी टाकू," गोरख म्हणाला.

कोंडाजी हसला नाही. तो खरंच त्यावर विचार करायला लागला होता.