ड्रमरची सात गाणी

बँड मोडल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये कळली. तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात मी नुकतीच लागले होते, प्रयोगशाळेत, नमुने तपासायला. कळंबोलीच्या सिग्नलला बस थांबली, मी फोन उघडला आणि रडायलाच लागले. शेजारच्या बाईंनी घाबरून विचारलं, "घरी काही झालं का?" मी म्हणाले, "नाही, एक बँड होता." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पाच जणांचा बँड होता तो, पनवेलमध्येच कॉलेजात असताना जमलेला. मराठीत रॉक गायचे. कॉलेजांची गॅदरिंग, मॉलचं उद्घाटन, दोन-तीनदा वाशी, आणि एक अल्बम. एवढंच त्यांचं चरित्र. सगळ्या मुली गायकाकडे बघायच्या. मला पहिल्याच कार्यक्रमाला जागा मिळाली ती बाजूला, स्पीकरच्या आड, आणि तिथून फक्त ड्रमर दिसत होता. मग मी त्यालाच बघत राहिले, दहा वर्षं. त्याचा ठोका केसभर उशिरा पडायचा. बाकीचे चौघे पुढे धावत असायचे आणि हा मागून त्यांचा शर्ट धरून ठेवायचा. लोकांना ते कळायचं नाही, पण गाण्याला वजन यायचं ते त्यानेच.

त्यांच्या चाहत्यांचं पेज मी चालवायची. कार्यक्रमांच्या तारखा, फोटो, प्रत्येक गाण्यावर माझं सविस्तर मत. लोक ते वाचायचे, एकदा खुद्द गायकाने खाली आभार मानले होते. माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेले, दिवसभर बोलणारे, पेपरसुद्धा मोठ्याने वाचणारे. ते रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काय म्हणतो तुझा ढोलवाला?" मी चिडायची.

बँड मोडल्यावर दोनेक वर्षं काहीच नव्हतं. गायक बंगलोरला नोकरीला गेला, बाकीचे आपापल्या संसाराला लागले. आणि एका रविवारी ड्रमरने स्वतःच्या नावाने सात गाणी इंटरनेटवर टाकली. सगळी एकदम.

त्यात ड्रम नव्हतेच. त्याचा स्वतःचा आवाज होता, जाडा, मध्येच सुरावरून घसरणारा. कुठे एक जुनी गिटार, कुठे नुसतं बोटांनी वाजवलेलं पातेलं. आणि भाषा त्याच्या गावची, आगरी. तो उलव्याकडच्या एका गावचा आहे हे मला तोवर माहीतही नव्हतं. बँडमध्ये असताना तो आमच्यासारखंच बोलायचा, म्हणजे बोललाच तर. गाणी होती विमानतळासाठी कापल्या जाणाऱ्या डोंगरावर, मिठागरावर, दोरीवर वाळत घातलेल्या मासळीवर, आणि आता घर नक्की कुठे म्हणायचं यावर. एका कडव्यानंतर दुसरं कडवं येईपर्यंत इतका वेळ जायचा की फोन बंद पडला की काय असं वाटायचं.

मी ती बसमध्ये कानात घालून एकदा ऐकली आणि दुसऱ्यांदा अर्धवट. मला भयंकर राग आला. माझ्या हक्काचं काहीतरी कोणी परस्पर देऊन टाकलं असावं, तसा राग. त्याच संध्याकाळी मी पेजवर लांबलचक लिहिलं. आवाज हा याचा प्रांत नाही असं लिहिलं. रेकॉर्डिंगमध्ये स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येतात असं लिहिलं. ड्रमरला गप्प बसण्याचा अधिकार असतो, तो त्याने वापरावा, असं लिहिलं. आणि सहाव्या गाण्यावर एक वाक्य लिहिलं, ते सगळ्यात जास्त गाजलं. लोकांनी ते उचललं, एकमेकांना पाठवलं, त्यावर हसले. ते मी इथे लगेच लिहीत नाही. लाज वाटते.

त्याने उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात सातही गाणी काढून टाकलेली दिसली. खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला होता.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत नवीन पनवेलला आईबाबांकडे राहायला आले. आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता बाबांचा आवाज मध्येच थांबला. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. "अगं" एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं तरी अगं, दुखलं तरी अगं, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी अगं.

माझी पहिली पाळी तीनला संपायची. तिथून मी थेट हॉस्पिटलात जायची आणि आई घरी जायची. दुपार संपता संपत नसे. मी इयरफोनचं एक टोक बाबांच्या कानात घालायची, एक माझ्या. त्यांची आवडती भावगीतं लावली तर ते मान फिरवायचे. कदाचित शब्द म्हणता येत नाहीत म्हणून त्रास होत असेल. एके दिवशी कुठलं गाणं येतंय याकडे माझं लक्ष नव्हतं, आणि ड्रमरचं तिसरं गाणं सुरू झालं. त्या लेखासाठी मी चार गाणी उतरवून घेतली होती, ती जुन्या फोनमधून नव्यात आपोआप आलेली. मी बंद करायला हात नेला, पण बाबांनी मान फिरवली नव्हती. त्यांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. मान फिरवली नाही, इतकंच.

म्हणून मीही ऐकलं. पहिलं कडवं संपलं आणि ते लांबलचक थांबणं आलं. त्या थांबण्यात मला त्याचे हात दिसायला लागले. दहा वर्षं बघितलेले हात. इथे डावा पडला असता, इथे उजवा, इथे पाय. सगळे ठोके जागच्या जागी होते, त्याने फक्त ते मारले नव्हते. आणि ते संपल्यावर त्याचा आवाज आला, केसभर उशिरा. तो मोजत होता. सातही गाणी ड्रमरचीच होती. हे ऐकू येण्याचा हक्क जगात कुणाला असेल तर मला होता, आणि मीच ते ऐकलं नव्हतं.

बाबांनी मग डोळे मिटले. मी तेच गाणं पुन्हा लावलं. ते थंडी संपता संपता गेले. शेवटच्या आठवड्यात ते "अगं"सुद्धा म्हणत नव्हते.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. आमच्या प्लांटमध्ये उलव्याकडचा एक ऑपरेटर होता. त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तो? आमच्या गावचाच," तो म्हणाला. "म्हंजे गाव आता नाय, विमानतळात गेलं, पन मानसं हायत. नवीन प्लॉटवर घर बांधलंय. रविवारी जा, फोन नाय उचलत तो."

मी रविवारी गेले. नवीन वसाहतीतले रस्ते सगळे सारखे, घरांना फक्त प्लॉटचे नंबर. दारासमोर पाण्याचा टँकर उभा होता आणि एक टक्कल पडत चाललेला माणूस त्याच्या मागच्या नळाला रबराची पट्टी गुंडाळत होता. मी हातांवरून ओळखलं. मी कोण ते सांगितलं. तो ओरडेल अशी माझी तयारी होती.

"पेज तुमीच चालवायच्या?"

"हो."

"या, बसा आत."

त्याच्या बायकोने चहा केला. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. मी चुकले, मला कळलं नव्हतं, हॉस्पिटलात कळलं, वगैरे. तो ऐकत होता, पण बाहेर नळ गळतोय का याकडेही त्याचं लक्ष असावं. मी थांबल्यावर म्हणाला, "तुमच्यामुलं नाय काढली ती गानी." मग उठून नळ बघून आला. "थोडी तुमच्यामुलं. गावातली पोरं ती तुमची लाइन बोलून दाखवायची. आईसमोर पन. ती हसायची, तिला काय कलायचं नाय. मना कलायचं."

मी कपातली साय बोटाने बाजूला काढली.

"आई गेली," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

मी बाबांचं काही बोलले नाही. ती जागा नव्हती.

"घर हलवलं तवा कॉम्प्युटर खराब झाला. त्याच्यातच सगलं होतं. तुमच्याकडं हायत का कुठली?"

मी उत्साहाने फोन काढला. काहीतरी देता येणार होतं. पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं. त्याने यादीवरून बोट फिरवलं, वर नेलं, परत खाली आणलं.

"सहावं नाय?"

"नाही. ते मी नुसतं ऐकलं होतं."

त्याने फोन माझ्यासमोर ठेवला. त्याची बायको दारातून म्हणाली, "त्याच्यात सासूबाई होत्या, ताई." मग त्याने सांगितलं. जुन्या घरात तो खाटेवर बसून गाणं रेकॉर्ड करत होता, आई आत आली आणि बोलली. सगळ्यांनी सांगितलं ते काप, तेव्हा त्याने मुद्दाम ठेवलं. आईचे फोटो आहेत. लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण वर बेंजो-पार्टीचा दणदणाट. आवाज फक्त त्या गाण्यात होता.

"ती काय बोलली ते मना आठवतं," तो म्हणाला, "पन दर वेली वेगलं आठवतं."

तिचे शब्द कुठे आहेत हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "माझ्या त्या लेखात ते आहेत. मी ते जसेच्या तसे लिहिले होते."

"वाचा."

"तेवढंच वाचते."

"नाय, पूरं वाचा."

मी पेज उघडलं, खाली खाली गेले आणि त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, मोठ्याने वाचलं: "सहाव्या गाण्यात मध्येच एक आजी येतात आणि म्हणतात, दार लाव रं, धुरला येतो. आन जेवून घे, गाना काय पलून नाय जात. आजी, तुमचं अगदी बरोबर आहे. हे गाणं पळून जात नाही. ते बसल्या जागी झोपतं."

मग तो म्हणाला, "तिचं तेवढं परत वाचा."

मी वाचलं.

"धुरला," तो म्हणाला. "डोंगर फोडायचे तवा यायचा, मातीचा, घरभर. मी धूर म्हनत होतो. इतकी वर्षं धूर म्हनत होतो." मग विचारलं, "'रे' म्हनाली का 'रं'?"

"रं."

"नक्की?"

"नक्की." मला खात्री होती, कारण त्या उच्चाराची टिंगल करायची म्हणूनच लिहिताना मी तेवढा तुकडा परत परत, इतक्या काळजीने ऐकला होता. कान माझा चांगलाच होता.

त्याच्या बायकोने पदराने तोंड पुसलं. "तशाच बोलायच्या," ती म्हणाली. तो रडला नाही. त्याने मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि या वेळी ओठांनी माझ्याबरोबर म्हटलं.

मी म्हणाले, "मी हे आजच काढून टाकते. फार आधीच काढायला हवं होतं."

"नको," तो पटकन म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. दुसरं कुठं हाय ते?"

"निदान माझी वाक्यं तरी काढते."

त्याने जरा विचार केला. "नको. मग ती कुठल्या गान्यात बोलली तेच कलनार नाय. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

निघताना मी विचारलं, नवीन गाणी करणार का. कुठल्याही चाहतीने विचारावं तसंच विचारलं, आणि विचारल्यावर मला स्वतःचीच चीड आली.

"कवा? सकाली सहाला टँकर बाहेर काढायचा. बांधकामांवर पानी मारायचं, दिवसभर." ड्रमचं मी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "सेट इकला. वरच्या मजल्याचं प्लास्टर झालं त्याच्यात."

तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षावाल्याला त्यानेच नवीन पनवेल सांगितलं.

चार गाणी मी रिक्षातच, ऑपरेटरकडून घेतलेल्या त्याच्या नंबरावर पाठवली. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लेख अजून पेजवर आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा कोणीतरी अनोळखी माणूस तिथवर पोहोचतो आणि खाली हसरा चेहरा टाकून जातो. मला फोनवर त्याची सूचना येते. सुरुवातीला मी अशा प्रत्येकाला लिहायची की यात हसण्यासारखं काही नाही. त्यांना वाटायचं मी आणखी विनोद करतेय. आता मी लिहीत नाही.

त्या रविवारी घरी पोचले तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. "भेटला का तो?" तिने विचारलं. मी हो म्हणाले आणि माझ्या खोलीत जाऊन फोनमध्ये बाबांचा आवाज शोधायला लागले. दिवसभर बोलणारा माणूस. पण त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, चोवीस तास येणारं नळाचं पाणी कोण भरून ठेवतं. तासाभराने एकच निरोप सापडला, जेमतेम सहा सेकंदांचा. येताना दही आण, गोड असेल तरच आण, नाहीतर नको.

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. म्हणाले, "लावू का?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"आज नको," ती म्हणाली.