आबांच्या शर्टाचं टोक

माझे वडील कॅमेरा डोळ्याला लावला की उलटे चालतात. हे वाचून कुणाला हसू येईल. मला मात्र अजूनही येत नाही.

उलटं चालण्याला कारण आहे. आबांच्या लेन्सला झूम नाही. समोरची माणसं चौकटीत मावली नाहीत की बाकीचे लोक रिंग फिरवतात, आबा मागे सरकतात. एक पाऊल, मग अजून एक, मग बेफिकीर असं तिसरं. मागे काय आहे ते बघत नाहीत, आणि बघायचं म्हटलं तरी कशाने बघणार? डावा डोळा कधीच गेलाय आणि उजवा कॅमेऱ्यात गुंतलेला. फोटो काढताना आबा पूर्ण आंधळे असतात, फक्त ते त्यांना मान्य नाही.

डावा डोळा सुरतेतल्या लिंबायतच्या खात्यात गेला. खातं म्हणजे मागांचा कारखाना. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा एक दिवस उडाला आणि सरळ त्यांच्या तोंडावर आला. धोट्याला लोखंडी टोक असतं. त्यानंतर मागासमोर उभं राहायची त्यांची हिंमत झाली नाही. ओळखीने साड्यांच्या बाजारात एका स्टुडिओत काम मिळालं: साडीला इस्त्री करायची, निऱ्या घालून ती स्टँडवर लावायची, फोटो निघाला की घडी घालायची. तिथल्या फोटोग्राफरने नवं सामान घेतलं तेव्हा रोलच्या जमान्यातली एक जुनी लेन्स आबांना देऊन टाकली. कॅमेरा आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मधल्या काळात आबा नुसती लेन्स हातात धरून तिच्यातून घर बघत बसायचे. तिच्यातून माय उलटी दिसायची, आणि त्याचंच त्यांना केवढं कौतुक!

पुढे जुन्या बाजारातून डिजिटल कॅमेरा आणला. लेन्स त्यावर बसली, पण फोकस काही आपोआप होईना. तो आजही हाताने रिंग फिरवून, डोळ्याने जोखूनच करावा लागतो. भावाने नवीन लेन्स घेऊन द्यायची तयारी दाखवली तर आबा चक्क रागावले.

"मशीनले काय समजस? समजस ते डोयाले."

कॅमेरा राहतो मुरमुऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यात. बुटांच्या खोक्यांत आणि औषधांच्या बाटल्यांत निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून आबांनी डब्याच्या तळाशी पसरल्यात, कारण सुरतेच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. पट्टा मायने साडीचा काठ दुहेरी शिवून केलाय. लेन्स पुसायला मलमलीचा तुकडा. या वर्षी ते पुसणं फार वाढलंय. आत बुरशी धरलीच असं आबा म्हणतात. मी टॉर्च मारून पाहिलं, काच स्वच्छ होती. तरी ते पुसतात. त्यांना बुरशीची भीती, आम्हाला बाकी सगळ्याची.

सगळ्यात जास्त भीती गच्च्यांची. आमच्या गल्लीत गच्चीला कठडा बांधत नाहीत. कधीतरी वर मजला चढवायचा असतो, म्हणून नुसत्या सळया उभ्या ठेवतात. संक्रांतीला सगळी गल्ली पतंग घेऊन वर, आणि आबा कॅमेरा घेऊन. अशाच एका संक्रांतीला ते मागे सरकता सरकता कडेशी गेले. माय तिळाचे लाडू वाटत होती. तिने ताट खाली ठेवलं, चालत गेली, हो, चालत, आणि मागून त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. आबा खेकसले, फोटो हलला म्हणून. मग वळून पाहिलं आणि कडेपासून दोन पावलं पुढे आले. मी तिला नंतर विचारलं, हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "हाक मारी ते दचकतीन. दचकनात का पाय गया."

तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाज झाला. आबांनी कॅमेरा काढला की माय मागे उभी राहून शर्टाचं टोक धरणार. लग्नात, बारशात, शेजाऱ्यांच्या गणपतीत. बायका तिला चिडवायच्या, नवऱ्याला लगाम घातला म्हणायच्या. मायही काही कमी नव्हती, म्हणायची, तुमचे मोकाट सुटलेत ते बघा आधी. पण हसतानाही तिची मूठ सैल होत नसे. ते मी पाहिलंय.

आता मायचे गुडघे गेले. ती पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंत जाते, तेवढंच. टोक धरायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझं सासर सुरतेबाहेर, कामरेजला. रविवारी मी असते. बाकीचे दिवस आबा कॅमेरा गळ्यात अडकवून एकटे फिरतात, पुलावर, रेल्वेच्या फाटकाजवळ, नदीवर. फोन लावला आणि उचलला नाही की मला काहीच सुचत नाही. भाजी चिरता चिरता हात थांबतो. डोळ्यांसमोर एकच दिसतं: आबांची पाठ, आणि तिच्यामागे काहीच नाही.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. श्रावणात आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडतात, नैवेद्याचे रोट करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर ठेवून बाईमाणसाने डोक्यावरून नदीवर न्यायची. मायचे गुडघे गेल्यापासून पाट माझ्या डोक्यावर असतो. आमच्या घरचा नियम असा, की टेम्पोतून उतरून एकदा चालायला लागलं की पाण्यापर्यंत कानबाई थांबवायची नाही. आणि आबांचा स्वतःचा वेगळा नियम: कानबाईला पाठ दाखवायची नाही. म्हणजे बघा, फोटोसाठी ते माझ्यापुढे चालणार, आणि पूर्ण घाट उलटे उतरणार.

चुलतभावाला मी दहा वेळा बजावलं होतं की तू आबांच्या मागे राहा, शर्ट सोडू नकोस. त्याने छातीवर हात ठेवून कबूल केलं. बँड सुरू झाला आणि पठ्ठ्या नाचायला गेला.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. तापी गढूळ, फुगलेली, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या. उरलेल्या पायऱ्यांवर शेवाळ. माझे दोन्ही हात पाटाला. मागे बायका फुगड्या घालत, गात येत होत्या. आणि समोर आबा, कॅमेरा डोळ्याला, एकेक पायरी मागे उतरत. टाच मागे जाते, जागा चाचपते, टेकते. परत टाच मागे जाते.

मी चुलतभावाला शोधलं. तो बँडपाशी होता, दोन्ही हात वर. मी पाट सोडू शकत नव्हते. हाक मारणं तर मायने कधीच बंद केलेलं. आणि मारली असती तरी त्या ढोलात कोण ऐकणार होतं? आबांच्या मागे आता एकच कोरडी पायरी राहिली होती. मग तीही त्यांच्या पायाखाली आली. मी इतकी घाबरले की माझं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून आवाजच निघेना. आबांची टाच उचलली गेली. माझे पाय जागच्या जागी खिळले. मागची बाई माझ्या पाठीवर आदळली, पाट डगमगला, कुणीतरी ओरडलं, "थांबू नको वो पोरी!"

आबांची टाच हवेत राहिली. मग हळूच परत पायरीवर आली. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, वळून पाहिलं. पाणी त्यांच्या चपलेला लागत होतं. ते बाजूला झाले आणि मला वाट दिली. मी पाण्यात उतरले, कानबाईला निरोप दिला, पण मनात देवीचं नाव नव्हतं. मनात नुसतं आबा, आबा चाललं होतं.

घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं आणि रडले. आबांना गंमत वाटली.

"कसाले घाबरस? इतला वरीस मी तसाच चालस. समोरना मानूसना तोंडवर मांगलं समदं दखास. खड्डा ऱ्हास ते त्याना डोया मोठा व्हतस. तुनी माय शर्ट धरे, ते तिना समाधानकरता."

मी डोळे पुसत त्यांच्याकडे पाहत राहिले. म्हणजे इतकी वर्षं ते आमची तोंडं वाचून चालत होते. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, मग माझी भीती अगदीच फुकट गेली नाही, आज तिनेच त्यांना वाचवलं.

"म्हणजे आज माझं तोंड पाहूनच थांबलात ना, आबा?"

"तोंड?" ते जरा घुटमळले. "तू थांबनी ना. कानबाई लिसन कोनी थांबस का? तवय समजनं माले."

त्यांनी पत्र्याचा डबा बाजूला सरकवला, मलमलीने कॅमेऱ्याचा पडदा पुसला आणि मायच्या शेजारी पलंगावर बसले. त्यांना घाटावरचा तो फोटो दाखवायचा होता. मीही वाकून पाहिलं. माझ्यामागे पार दूरवर उभ्या असलेल्या टेम्पोवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मी मात्र धूसर. नथ नाही, नाक नाही, डोळे म्हणजे दोन काळे डाग, आणि त्याखाली वासलेलं तोंड. मी मागचे फोटो सरकवून पाहिले. सगळ्या फोटोंत जवळची माणसं तशीच पुसटलेली होती. टॉर्चच्या उजेडात पाहिलेली लेन्सची ती स्वच्छ काच मला आठवली.

आबांनी कॅमेरा परत घेतला आणि डोळ्याच्या अगदी जवळ नेला. त्यांचा चेहरा खुलला.

"दख," ते मायला म्हणाले, "कसा क्लिअर येल शे. पोर कशी हासी ऱ्हायनी!"

मायने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा," ती म्हणाली. "हासी ऱ्हायनी."

आणि तिने पलंगावर बसलेल्या आबांच्या शर्टाचं टोक हळूच मुठीत धरलं.