आत्या गप्प झाली तेव्हा

आत्याच्या बरोबरीनं चालणं घरात कुणालाच जमलं नाही. आमच्या डाळज गावच्या घरातली मेंढरं मी जन्मायच्या आधीच विकली गेली. ऊस आला, चार गाई आल्या. पण मेंढरांमागं वाढलेल्या आत्याची चाल तशीच राहिली. सत्तरी जवळ आली तरी ती रानाच्या वाटेवर थांबून मला ओरडायची, "ये की मॅडम, का गाडी पाठवू?" मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मॅडम. ती वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. मी फारशी कुणाशी बोलत नाही. तिच्याजवळ ते खपून जायचं, कारण दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलायची.

डेअरीच्या गाडीवाल्याला ती रोज छळायची. "फॅट कमी लागली म्हंता सायेब, गाय काय डाएटवर हाय व्हय?" तो हसत हसत पुन्हा मोजायचा.

गेल्या उन्हाळ्यात हे बोलणं आटलं. गाडीवाला आकडा सांगायचा, आत्या नुसती मान हलवायची. ताटात अर्धी भाकरी राहायची. आईनं तिचे ब्लाऊज दोनदा आत घेतले. धार काढून उठताना तिला गाईच्या अंगावर हात टेकावा लागायचा. मग ती पंख्याखाली भिंतीकडं बघत बसून राहायची. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, नंतर सलाईन लावलं. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय. छातीत कोंबडीचं पिल्लू शिरल्यावानी होतंय जरा." आम्ही हसलो. ती हसली नाही.

मला स्वतःला थायरॉईड आहे, कमी असलेला. रोज उपाशीपोटी गोळी घेते. आई म्हणाली, "तुझ्यावानीच झालंय तिला. तूबी अशीच पडून असायचीस, गोळीनं उठलीस." आमच्याकडं एकाच्या गुडघ्याची गोळी शेजाऱ्याच्या गुडघ्याला बिनदिक्कत दिली जाते. तरी घरात इंग्रजी वाचणारी मी. लोणी देवकरला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये बसून मी मोबाईलवर वाचलं. थकवा, उदासी, कशातच मन न लागणं. सगळं जुळत होतं. वजन वाढतं, असंही लिहिलं होतं. ते जुळत नव्हतं. ती ओळ मी सोडून दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाटलीतली एक गोळी आत्याला. महिनाभर.

मग एका सकाळी ती गोठ्यात पडली. बारामतीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर आत्याचं मनगट धरून ठेवलं. नाडी जोरात पळत होती आणि मध्येच चुकत होती. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "थायरॉईड वाढलाय. खूप."

"पण ती तर नुसती पडून असते," मी म्हणाले.

"म्हणूनच फसायला होतं. या वयात कधी कधी डोळे मोठे दिसत नाहीत, हात थरथरत नाहीत. माणूस खंगतं, गळून जातं, गप्प होतं. घरच्यांना वाटतं, मनाला काहीतरी लागलंय." मग त्यांनी विचारलं, "घरातली दुसरी कुठली गोळी चालू होती?"

"न्हाय," आत्या खाटेवरून पटकन म्हणाली. "कसलीबी न्हाय."

कित्येक दिवसांत ती एवढ्या ठामपणे बोलली नव्हती. मी खाली बघत राहिले. डॉक्टर बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या मागं गेले आणि पर्समधली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी लेबल वाचलं. "आजार त्याआधीचाच असणार. पण या गोळीनं भर पडली." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी आत्यानं माझा हात धरला. "रडू नगं. तू दिलीस म्हनून घेतली. दुसऱ्या कुनाची घेतली नसती मी." माझी समजूत घालायला म्हणाली होती.

उपचार सुरू झाले होते. तिसऱ्या दिवशी हृदयात साकळलेली गुठळी मेंदूत गेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नवव्या दिवशी आत्या गेली.

दहाव्याच्या विधीला वडगाव निंबाळकरच्या चुलत काकू आल्या होत्या. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ सरकून बसल्या. "आमच्या सासूबाईबी गप पडून असत्यात गं. अंगावरचं मास पार उतरलंय. तुझी कसली गोळी हाय म्हनं, दे की चार."

आजूबाजूला आठदहा बायका होत्या. आई माझ्याकडं बघत होती.

"गोळी नाही देणार, काकू," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "आत्याला थायरॉईड जास्त होता. त्यावर मी तिला माझी गोळी दिली. महिनाभर. सासूबाईंचं आधी रक्त तपासायचं, नाडी बघायची. मी येते बरोबर."

आईनं पदर तोंडाला लावला.

"उद्या कितीला येशील?" काकूंनी विचारलं.