घड्याळजींचा ओटा

सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईंनी नवी नोकरी धरली, तेव्हा नणंदेने कपाळावर हात मारला. "वहिनी, बारा वर्षं माझ्या आईचं केलंस ते कमी झालं होय? आता परक्या म्हाताऱ्यांचं करायला निघालीस!"

"आईंचं करतानाच कळलं, मला हे जमतं," ताई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

शिवणाचा कारखाना बंद पडल्यावर त्या वस्तीच्या सेवाकेंद्रात उमेदवारीवर लागल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जायचं, हवं-नको पाहायचं. शेवटच्या आठवड्यात केंद्राच्या मॅडमनी घर दिलं ते जुन्या घड्याळजींचं. नजर जवळपास गेलेली, जिभेची धार मात्र शाबूत. आधीच्या तीन मदतनिसांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

"शुक्रवारी त्यांनी या कागदावर सही केली, तर तुमची नोकरी पक्की," मॅडम म्हणाल्या. "नाही केली, तर माझेही हात बांधलेले."

सोमवारी ताईंनी बाह्या सरसावल्या. घड्याळजी रेडिओपाशी डुलक्या घेत होते, तेवढ्यात ओटा लख्ख. डबे उंचीप्रमाणे रांगेत, कप फडताळात, सुरी खणात. पडदा उघडावा तशा ऐटीत त्या बाजूला झाल्या. "या काका, बघा!"

काकांनी सवयीने हात पुढे केला. साखरेच्या जागी मीठ, कपाच्या जागी नुसती हवा. कोपर लागून पेला खाली आला आणि खळ्ळकन फुटला.

"कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

"मी फक्त आवरलं हो..."

"आवरलंत? माझे डोळे उचलून फडताळात ठेवलेत तुम्ही! चला, निघा."

जिन्यात ताईंना रडू फुटलं. पण केंद्रात जाऊन त्यांनी चूक झाली तशी अहवालात लिहिली. मॅडमनी विचारलं, "उद्या दुसरीला पाठवू?"

"नको. विस्कटलं मी, निस्तरणारही मीच."

मंगळवारी दार वीतभरच उघडलं. "पुन्हा तुम्ही?"

"काका, रागवा हवं तेवढं. पण कुठलं काय कुठे होतं, ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक? तुम्ही सांगा, मी ठेवते. माझ्या मनाने काडीही हलवणार नाही."

 मग साखळी निघाली.

"डावीकडून दुसरा डबा साखरेचा. सुरीची मूठ भिंतीकडे. तिकडे नाही हो, भिंतीकडे!"

प्रत्येक वस्तू ठेवून झाली की म्हातारबुवा बोटांनी तपासत. ताई दोनदा चुकल्या, दोनदा बोलणी खाल्ली, पुन्हा ठेवलं. शेवटी त्यांनी स्वतःचे डोळे गच्च मिटून चहा केला. बोट पोळलं, पण चहा झाला.

"साखर जास्त पडलीय," घड्याळजी घोट घेत म्हणाले.

"उद्या कमी घालते."

"उद्या आठला या. सव्वाआठ चालणार नाहीत."

शुक्रवारी ताईंनी कागद पुढे केला. "काय लिहिलंय, वाचा," घड्याळजी म्हणाले.

"मदतनिसाच्या कामाबद्दल मी समाधानी आहे."

"समाधानी बिमाधानी खोडा. लिहा, विचारल्याशिवाय हात लावत नाही."

ताईंनी लिहिलं आणि काकांचं बोट सहीच्या रेघेवर टेकवलं. घड्याळजींनी रेघ सोडून, ऐसपैस सही ठोकली. तासाभरात तो कागद मॅडमच्या टेबलावर होता, आणि ताई पुढच्या आठवड्याच्या घरांची यादी मागत होत्या.