फ्लेक्सवरची कॅप्टन

आमच्या ऑफिसात कोणी नुसतं "निवड झाली" असं म्हटलं ना, की मी आधी विचारते, "कोणाची? नाव वाचून दाखवलं का?" लोकांना वाटतं मी खवचट आहे. आहेच मी. पण त्यामागे एक भानगड आहे, आणि आज चहा तुमच्याकडून आहे म्हणून सांगते. हसलात तरी चालेल. आमचं सगळं सातपाटी गाव हसून हसून दमलं, आता तुमची पाळी.

मी तेव्हा नववीत. आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता आणि मी त्याची कॅप्टन. आता सॉफ्टबॉल म्हणजे काय, हे आमच्या गावात कोणाला ठाऊक? बाबा विचारायचे, "क्रिकेटच ना ते, पण स्टंप चोरीला गेलेलं?"

आमचं मैदान समुद्राच्या काठाला. बेस म्हणजे वाळू भरलेली पोती. मैदान संपलं की बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी. चेंडू वलांडीच्या पलीकडे गेला तर होमरन, आणि वलांडीवर पडला तर आमची शेजारीण हिरामावशी तो ओच्यात घालून बसायची. "आधी पडलेले बोंबील टांगा, मग चेंडू न्या." मग काय, बारा जणी बोंबील टांगतायत आणि सर शिट्टी धरून उभे. आमच्या चेंडूला असा वास यायचा की बाहेरच्या संघातल्या पोरी तो दोन बोटांत धरायच्या. खरं सांगते, बोईसरला कंपनीत काम करताना कधी वाऱ्यावर तो वास आला, तर अजून माझा जीव कालवतो.

संघात आमची कॅचर होती प्रमिला. मनोरकडच्या पाड्यावरची, आमच्या गावात मामाकडे राहून शिकायची. बोलायची कमी, पण तिच्या हातातून चेंडू सुटलेला मी कधी पाहिला नाही. मी बोलायची जास्त. म्हणून तर कॅप्टन झाले.

तर त्या वर्षी आम्ही तालुका जिंकला, म्हणून जिल्ह्याला गेलो. पालघर जिल्हा तेव्हा नवाकोरा, संघ दोनच, आम्ही आणि दुसऱ्या तालुक्याचा एक. त्यांच्या तीन पोरी मामाच्या लग्नाला गोरखपूरला गेल्या आणि संघ आलाच नाही. जिल्हा आम्ही चेंडूला हात न लावता जिंकला. मग विभागाला गेलो, तिथे मात्र घाम गाळून जिंकलो. मग राज्याला. आणि राज्यसुद्धा जिंकलो हो, अंतिम सामन्यातला शेवटचा रन माझ्या फटक्यावर.

आता तुम्हीच सांगा. तालुका जिंकला की जिल्हा, जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य. मग राज्य जिंकलं की पुढे काय? शेंबडं पोरही सांगेल.

मी मैदानातूनच घरी फोन लावला. "आई, आमी नॅशनलला चाललो!"

मागे आमचे राऊत सर उभे. फार सज्जन माणूस, आवाज मुळात बारीक. "रेखा, थांब जरा. त्याचं असं असतं..."

"सर, आईशी बोलतेय ना."

सर दोन पावलं मागे सरले. त्या वेळी ते ओरडले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, पण ओरडायचं खातं आमच्या संघात माझ्याकडे होतं.

आई मासळीबाजारात बसलेली. तिला सांगणं म्हणजे लाउडस्पीकरला सांगणं. संध्याकाळी बाबांचा फोन, "सगळ्यांचे फोटो पाठव, नाक्यावर फ्लेक्स लावतो." मी माझे तीन पाठवले, बाकीच्यांचा एकेक. परतीच्या गाडीत सर पुन्हा माझ्या बाकाशी आले. "रेखा, ते निवडीचं..." पण आम्ही गाणी म्हणत होतो. सर पाणी पिऊन परत गेले.

पालघर स्टेशनला उतरलो तर बाहेर टेम्पो, आणि टेम्पोत दणदणता बेंजो. सर काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसले मला. ऐकू कसं येणार?

नाक्यावर फ्लेक्स पाहिला आणि मला भरून आलं. मधोमध मी, बॅट खांद्यावर, तोंड परातीएवढं. वर लिहिलेलं, 'राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाकीच्या खाली ओळीत. प्रमिलाचा फोटो अगदी कडेला, तो नेमका बांबूभोवती गुंडाळला गेलेला. नुसता एक कान दिसत होता.

"कान तरी आला," प्रमिला म्हणाली.

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार. मला माईक दिला. मला माईक द्यायचा असतो का? "आम्ही बाराच्या बारा जणी नॅशनलला जाणार आणि सुवर्णपदक सातपाटीच्या बंदरात उतरवणार!" टाळ्या थांबेनात. सोसायटीच्या चेअरमननी तिथल्या तिथे सगळ्यांची तिकिटं काढायचं कबूल केलं. हिरामावशीनं पदराला डोळे पुसले.

मग सरांची पाळी आली. सरांनी कपाळ पुसलं.

"सगळ्यांचं अभिनंदन. फक्त एक गोष्ट आहे. नॅशनलला शाळेचा संघ जात नाही, राज्याचा जातो. राज्याला आलेल्या सगळ्या संघांतून चांगल्या चांगल्या मुली निवडतात, त्यांचं शिबिर होतं, आणि त्यातून राज्याचा संघ ठरतो. निवडसमिती सामने बघतच होती." मैदानाकडेला टोप्या घालून बसलेल्या त्या माणसांना मी पालक समजले होते. "आपल्या शाळेतून शिबिरासाठी एकीची निवड झालीय."

आता एकच म्हटल्यावर ती कोण असणार? मी टी-शर्ट खाली ओढला आणि उठायला लागले.

"प्रमिला," सर म्हणाले.

मी अर्धी उठलेली. खाली बसावं तर फजिती, उभं राहावं तर फजिती. मग मी पुरती उभी राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले, जणू त्याचसाठी उठले होते. लोक म्हणाले, पोरीचं मन केवढं मोठं. हिरामावशी मात्र पुढच्या रांगेतून म्हणाली, "बस गो. टाळी बसून पण वाजते."

वलांडीमागे जाऊन रडले मी. खोटं कशाला बोलू, खूप रडले. नॅशनलचा तो टी-शर्ट मी मनातल्या मनात कितीदा अंगात घातला होता. तेवढ्यात प्रमिला शोधत आली आणि माझ्या शेजारी बसून तीही रडायला लागली.

"तुला काय झालं?"

"मी नाय जायाची. तिकडं माझ्या ओळखीचं कोण हाय? सगळ्या मोठ्या शहरातल्या पोरी असतील. तू पायजेस."

माझं डोकंच फिरलं. "येडी हायस काय? मला घेत नाय म्हणून मी रडते, तुला घेतायत म्हणून तू रडतेस? गपचूप जायाचं. मी हाय सोबत."

"कशी?"

"कशी ते मी बघते. कॅप्टन कोण, तू का मी?"

तिनं नाक पुसलं आणि मान हलवली. मी काय बोलून बसले हे माझं मलाच कळत नव्हतं, पण ती शिबिराला गेली.

फ्लेक्स नाक्यावर होता तोवर मी शाळेत मागच्या गल्लीनं जायचे. मग बाबांनी तो उतरवला. पण मासेमाराच्या घरात चांगला फ्लेक्स कोण फेकून देईल? दवापासून बोंबील वाचवायला तो वलांडीवर गेला. पुढे सगळा हंगाम मी बोंबलांवर पालथी. सकाळी बायकांचं सुरू व्हायचं, "रेखाला उचला, ऊन आलं." "रेखा ओली हाय, तिला झटका."

शिबिरातून प्रमिला राज्याच्या संघात निवडली गेली. निघायच्या आदल्या दिवशी हिरामावशीनं तिच्यासाठी सुके बोंबील बांधले. पिशवीतून वास बाहेर येईल म्हणून वलांडीवरच्या फ्लेक्सचा तुकडा कापून त्यात गच्च शिवून दिले. तुकडा कुठला कापला असेल? मधला.

नॅशनलच्या हॉस्टेलवरून प्रमिलाचा फोटो आला. तिच्या खाटेवर उशाशी ते गाठोडं, त्यावर मी, बॅट खांद्यावर, गालातल्या गालात हसतेय. डोक्यावर अर्धवट अक्षरं, 'राष्ट्रीय स्पर्धेसाठी निव'. आणि खाली प्रमिलानं लिहिलेलं, "बोललीस तशी आलीस."

हसले आणि पुन्हा रडले. या खेपेला वलांडीमागे नाही, सगळ्यांसमोर.

आता प्रमिला पालघरला पोरींना शिकवते. प्रत्येक नव्या पोरीला ती तो बोंबलांच्या गाठोड्याचा फोटो दाखवते. परवा सुट्टीच्या दिवशी मी मैदानावर गेले, तर तिनं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, "या आमच्या कॅप्टन." माझी मान जरा ताठ झाली, नाही कशाला म्हणू? एक एवढीशी पोर पुढे आली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, आता पाया पडणार.

"ताई," ती म्हणाली, "तुमचे बोंबील कुठं मिळतात?"

काय करता? हिरामावशीचा पत्ता दिला.