नाकमावशीचा फवारा

हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत तिचं काम हुंगण्याचं होतं. धुऊन, वाळून, घडी होऊन आलेला कपडा डोळ्यांना स्वच्छ दिसतो. आत ओल राहिली असेल किंवा साबण नीट निघाला नसेल, तर ते फक्त नाकाला कळतं. टेबलापाशी उभी राहून ती एकेक घडी नाकाशी न्यायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायची. डावीकडचा ढीग परत धुवायला जाई. धुलाईवाले पुरुष त्यामुळे तिच्यावर खार खाऊन असत. मावशी, तुम्हाला एकदा चांगली सर्दी होऊ दे, असं ते म्हणायचे. माझं चोंदलेलं नाकसुद्धा तुमच्या उघड्या डोळ्यांपेक्षा बरं, असं ती त्यांना ऐकवायची. तिथेच तिचं नाव नाकमावशी पडलं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

त्या हॉलमधली हवा कोरडी आणि तापलेली असे. चादरी ओढून घेत इस्त्री करणारा भलामोठा रोलर दिवसभर चालू असायचा. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांचे गाल तडतडत, हसलं तर ओठ फुटत. क्रीम लावायला बंदी होती, कारण क्रीमचा हात चादरीला लागला की डाग पडतो. शिवाय हवेत उडणारी सुताची लव क्रीम लावलेल्या तोंडावर चिकटून बसते आणि माणूस पीठ सांडल्यासारखा दिसतो. नुसतं पाणी मारलं तर ते उडून जाताना चेहरा आणखी ओढला जातो. यावर उपाय म्हणून नाकमावशीने घरी गुलाबपाण्याचा फवारा करायला घेतला. आधी स्वतःपुरता, मग शेजारच्या टेबलापुरता, आणि हळूहळू सगळ्या हॉलसाठी.

तिची रीत साधी होती. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी घालायची, तिच्यावर दुसरी सुलटी ठेवायची. भोवती ताज्या पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याचा फुगवटा आत येतो, आणि वरच्या खळग्यात बर्फ. खाली मंद आच. वाफ गार झाकणाला लागते आणि थेंब होऊन मधल्या वाटीत पडते. हे पाणी निवलं की त्यात गाळलेला कोरफडीचा रस आणि थोडंसं ग्लिसरीन घालायचं. मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये.

खरी मेख आच बंद कधी करायची यात होती. सुरुवातीला पडणाऱ्या थेंबांत गुलाब असतो. एका क्षणी तो संपतो आणि शिजलेल्या पाल्याचा वास उतरू लागतो. तो वाटीत पडला की सगळं बिघडलं. हा क्षण घड्याळात सापडत नाही, कारण पाकळ्या रोज वेगळ्या. दुसरं म्हणजे टिकण्यासाठी घालतात ते औषध ती घालत नसे, त्यामुळे पाणी लवकर विटायचं. म्हणून कुठलीही बाटली घरातून बाहेर पडण्याआधी ती उघडून हुंगायची. शंका आली की मोरीत. दिसण्यावर तिने कधीच भिस्त ठेवली नाही.

गुडघ्यांनी उभं राहू देणं बंद केलं तेव्हा तिने लॉन्ड्री सोडली. फवारा मात्र सुटला नाही. रोलरवर काम करणारी बाई तिच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. ती रिकाम्या बाटल्या आणून द्यायची आणि भरलेल्या घेऊन जायची. सुट्टीच्या दिवशी बाकीच्याही कुणी कुणी येऊन बसत, हॉलमधल्या कागाळ्या सांगत. नाकमावशीला घरी बसल्याचं फारसं दुःख झालं नाही ते यामुळे. सून परगावी, मुलगा तिच्याबरोबर. घरात दोघंच. नवरा बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस.

मग थंडीत दोघांनाही ताप आला. आधी त्याला, पाठोपाठ तिला. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाची चव थोडीफार आली. वास आला नाही. तिला हे कळलं ते दूध करपल्यावर. पातेलं काळं होऊन धूर दिसायला लागला तेव्हा ती धावली. नवरा पलीकडे पेपरात डोकं घालून बसला होता. घराला आग लागली तरी तुम्ही आधी राशिभविष्य वाचाल, असं ती त्याला बोलली. त्याने पेपर मिटून ठेवला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. नाकात काही अडथळा नव्हता. वास परत येईलही, कदाचित येणारही नाही. रोज लवंग, लिंबू असं ओळखीचं काहीतरी हुंगत राहा, एवढंच त्यांना सांगता आलं. औषध काय, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वाट बघणं." ती रोज सकाळी लवंग नाकाशी धरायची. लवंग टोचायची, पण तिचा वास यायचा नाही.

ही गोष्ट तिने बाहेर कुणाला सांगितली नाही. ज्या बाईला सगळे नाकमावशी म्हणतात तिने कुठल्या तोंडाने सांगावं? पातेलं मात्र चढतच राहिलं, कारण बाटल्या येत होत्या. नवऱ्याला तिने स्वयंपाकघरात उभं केलं. थेंब पडू लागले की तो वाकून वाटीचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, अजून आहे गुलाब. मग थोड्या वेळाने, झालं आता, बंद कर. बाटल्याही तोच हुंगायचा. आयुष्यभर डिझेलमध्ये मुरलेलं ते नाक, त्याच्यावर विसंबायची वेळ आली, असं ती हसून म्हणायची. पण त्याने नेमाने साथ दिली म्हणून तिला बरं वाटत होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस स्वयंपाकघरात इतका वेळ उभा राहिलाय, असं तिने सुनेला फोनवर सांगितलं.

उन्हं तापू लागली तेव्हा एका दुपारी रोलरवाली आली. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी सुजून लाल झाली होती. तिने पाणी घेतलं, गुडघ्यांची चौकशी केली, पिशवीतून अर्धी भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली आणि ती तिथेच सरकवत बसली.

"मावशी, रागावू नका. याला कुबट वास येतोय."

"कधीपासून?"

"मागच्या खेपेलाही होता. त्याच्या आधीही, थोडा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हुंगून दिलेली बाटली. मला वाटलं, माझ्याच नाकात काहीतरी झालंय."

सगळ्यांचं तसंच झालं होतं. हॉलमध्ये कुणाला आंबूस वास आला, कुणाच्या गालावर पुरळ उठलं. पण जिने उभ्या हयातीत एक ओली घडी सुटू दिली नाही तिच्या बाटलीवर शंका घ्यायची कुणी? प्रत्येकीने दोष स्वतःकडे घेतला आणि फवारा मारत राहिली. डॉक्टरांनी डोळ्यात घालायला थेंब दिलेत, उतरेल सूज, असं सांगून रोलरवालीच उलट तिची समजूत काढत होती.

ती गेल्यावर नाकमावशीने बाटली नवऱ्यापुढे धरली. त्याने सवयीने वास घेतला.

"ठीक आहे की," तो म्हणाला.

"अहो, खरं सांगा."

त्याने बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाला, "मलाही येत नाही. तापापासूनच."

तिला आधी नीट समजलंच नाही. तो सांगत गेला. दूध करपलं त्या दिवशीच त्याला कळलं होतं. पण तिने नाक गेल्याचं सांगितलं आणि असा काही चेहरा केला, की त्यात आपलं आणखी कुठे सांगायचं, असं त्याला वाटलं. पहिल्यांदा बाटली पुढे केली तेव्हा तिच्या समाधानासाठी छान म्हटलं. एकदा म्हटल्यावर मागे फिरता येईना.

"आणि आच बंद करायला सांगायचात ते कशावरून?"

"तू या पायावरून त्या पायावर व्हायला लागलीस की सांगायचो. म्हटलं, गुडघे दुखायला लागले असतील."

इतके दिवस गुलाब कुठे संपतो हे तिचे गुडघे ठरवत होते. तिने फ्रिज उघडला, होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि हात धुतले. तो मागे उभा राहून म्हणाला की आपण कोरफड घालणं बंद करू, घड्याळ लावू, फ्रिज आणखी गार ठेवू.

शेवटी तिने लॉन्ड्रीतल्या बायकांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं. त्यांची नाकं धड होती. त्यांनी हुंगावं, त्यांनी ठरवावं. आपण नुसतं पातेलं चढवू. तिने नवीन पाणी काढलं, अंदाजाने लवकर बंद केलं, बाटल्या भरल्या. एका बाटलीत मात्र नुसतं उकळून निववलेलं पाणी भरलं. लॉन्ड्रीत मुकादम असंच करायचा. धुतलेल्या घड्यांच्या ढिगात मुद्दाम एक न धुतलेली सरकवायचा आणि हुंगणारी जागी आहे का ते बघायचा. त्या बाटलीच्या बुडाला तिने दोरा बांधला.

दुपारी पाळी सुटायच्या वेळी ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. बायका बाहेर आल्या, तिच्याभोवती जमल्या. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. माझं नाक गेलंय. ह्यांचंही गेलंय. तुम्हाला त्रास झाला तो आमच्यामुळे. मग घडी घालणारी एक जण म्हणाली, "गेलंय कसलं? तुमचं अर्धं नाकसुद्धा आमच्या सगळ्यांना पुरेल." हशा पिकला. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही फक्त करत राहा मावशी, बाकी आम्ही बघतो, असं सगळ्यांचं एकमत झालं.

तिने एकेक बाटली पुढे दिली. बाटल्या हातोहात फिरू लागल्या. पहिलीने डोळे मिटून वास घेतला आणि मान डोलावली, दुसरीने वा म्हटलं. नाकमावशी बाटलीकडे पाहत नव्हती. ती नाकपुड्यांकडे, भुवयांकडे, ओठांच्या कोपऱ्यांकडे पाहत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. सगळ्या बाटल्या छान होत्या.

दोऱ्याची बाटली फिरत फिरत रोलरवालीकडे आली. तिची सूज बरीचशी उतरली होती. तिने झाकण काढलं, नाकाशी धरलं, नाकमावशीकडे पाहिलं आणि पुन्हा हुंगलं.

"गुलाब," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखा, मावशी."

नाकमावशीने बाकीच्या बाटल्या एकेकीच्या हातातून परत घेतल्या आणि पिशवीत टाकल्या. अजून मुरायच्या आहेत, पुढच्या वेळी देते, असं ती म्हणाली. बायकांनी कुरकुर केली. रोलरवालीने आपल्या हातातली पुढे केली नाही.

"ही तरी राहू द्या ना."

"ती ठेव," नाकमावशी म्हणाली.

रोलरवालीने तिथेच डोळे मिटले, चेहरा वर केला आणि फवारा मारला. पापण्यांवर थेंब थरथरत होते. बरं वाटतंय, असं तिने सांगितलं. आपल्या बुटक्या सावल्या तुडवत बाकीच्या बसथांब्याकडे निघाल्या. नाकमावशी कट्ट्यावरून उठण्यासाठी गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसून राहिली, आणि ते नुसतं पाणी रोलरवालीच्या चेहऱ्यावरून उडून जाऊन तिचे गाल पुन्हा ओढले जाताना पाहत राहिली.